अट, वस्तू आणि निर्णय : संगणकीय विधेय-फलनांच्या रचनेची चिकित्सा

सारांश :

दिलेली वस्तू विशिष्ट अट पूर्ण करते किंवा नाही, एवढेच सांगणाऱ्या फलनास संगणकशास्त्रात विधेय-फलन म्हणतात. पदवी स्तरावरील अध्यापनात हा विषय एका तासिकेत संपतो. परंतु देवनागरी मजकुराची तपासणी आणि महाराष्ट्रातील कर्जमाफी योजनांची पात्रता ही दोन उदाहरणे पाहिली असता असे दिसते की, खरी अडचण अट लिहिण्यात नसून 'वस्तू' कोणती, 'केव्हा' तपासावयाची आणि 'माहीत नाही' या उत्तराचे काय करावयाचे, हे ठरविण्यात आहे. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांची चिकित्सा न्यायशास्त्रातील लक्षणदोषांच्या आधारे केली आहे.

सूचक शब्द : विधेय-फलन, अव्याप्ती, अतिव्याप्ती, युनिकोड, पात्रता, त्रिमूल्य तर्कशास्त्र.

प्रस्तावना :

संगणकाच्या कार्यक्रमात 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देणारी फलने सर्वत्र आढळतात. विद्यार्थी उत्तीर्ण आहे का, खाते थकीत आहे का, दिलेले चिन्ह अक्षर आहे का, हे सर्व एकाच जातीचे प्रश्न होत. गणिती तर्कशास्त्रात अशा फलनास विधेय म्हटले जाते. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विचाराच्या नियमांना बीजगणिताचे रूप दिले आणि त्यांच्याच नावावरून आजचा 'बूलियन' हा शब्द रूढ झाला. जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्प भाषेचा पाया मांडला, तेव्हा विधेये ही त्या भाषेची मूलभूत सामग्री होती. लिस्पमध्ये अशा अनेक फलनांच्या नावाच्या शेवटी 'पी' हे अक्षर जोडण्याची, तर तिच्याच कुळातील स्कीम या भाषेत प्रश्नचिन्ह जोडण्याची प्रथा पडली. २०१४ मध्ये जावा भाषेच्या आठव्या आवृत्तीत 'प्रेडिकेट' हा स्वतंत्र इंटरफेसच समाविष्ट झाला. त्यात 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन जोडण्यांची सोय आहे.

इतक्या जुन्या आणि साध्या संकल्पनेवर पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर असे की, पाठ्यपुस्तके विधेय-फलनाची वाक्यरचना शिकवितात, रचना शिकवीत नाहीत. 'वय अठरापेक्षा जास्त असेल तर हो' या उदाहरणाने प्रकरण सुरू होते आणि तेथेच संपते. याच फलनाच्या उत्तरावर आज शेतकऱ्याचे कर्ज, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आणि रहिवाशाच्या नावाची नोंद अवलंबून आहे. तेव्हा या फलनांची रचना कोणत्या निकषांवर पारखावी, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्र विभागाचा राहत नाही. भाषा, अर्थशास्त्र, लोकप्रशासन आणि तत्त्वज्ञान या विषयांच्या अध्यापकांनाही तो तितकाच लागू आहे.

१. लक्षण आणि त्याचे तीन दोष :

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार न्यायशास्त्राने फार पूर्वी केलेला आहे. एखाद्या पदार्थाचे लक्षण कसे असावे, हे सांगताना नैयायिकांनी तीन दोष मानले. जे लक्षण लक्ष्याच्या काही भागास लागूच होत नाही, तेथे अव्याप्ती. जे लक्ष्याबाहेरही लागू होते, तेथे अतिव्याप्ती. जे लक्ष्यापैकी कशासही लागू होत नाही, तेथे असंभव. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथाच्या अध्यापनात गाईचे उदाहरण नेहमी दिले जाते. तांबूस रंग हे गाईचे लक्षण मानले तर पांढरी गाय सुटते. शिंगे हे लक्षण मानले तर म्हैसही गाय ठरते. एकसंध खूर हे लक्षण मानले तर एकही गाय उरत नाही. गळ्याखालची पोळी हे लक्षण मात्र नेमके बसते.

विधेय-फलन म्हणजे कार्यान्वित होणारे लक्षणच होय. पात्र वस्तूस 'नाही' म्हणणे ही अव्याप्ती आणि अपात्र वस्तूस 'हो' म्हणणे ही अतिव्याप्ती. संख्याशास्त्रात याच दोषांना वेगळी नावे आहेत, परंतु आशय तोच. या परिभाषेचा एक लाभ असा की, 'फलन चुकले' एवढेच म्हणून न थांबता ते कोणत्या बाजूने चुकले, हे विचारावे लागते. दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत क्वचितच सारखी असते आणि ती किंमत सोसणारी माणसेही वेगवेगळी असतात.

२. 'हे अक्षर आहे का?' : देवनागरीची कसोटी

पहिले उदाहरण आपल्या लिपीचे घेऊ. पायथन भाषेत 'इज-अल्फा' नावाचे एक तयार फलन आहे. दिलेल्या मजकुरातील प्रत्येक चिन्ह अक्षर असेल तर ते 'हो' म्हणते. अर्जातील नाव किंवा गावाचे नाव तपासण्यासाठी नवखा विद्यार्थी सहजच ते वापरतो. त्यास 'परंडा' हा शब्द दिला असता उत्तर 'नाही' असे येते.

याचे कारण युनिकोडच्या वर्गीकरणात आहे. युनिकोड प्रत्येक चिन्हास एक वर्ग देते. प, र, ड ही चिन्हे 'अक्षर' या वर्गात मोडतात, तर अनुस्वार आणि काना ही चिन्हे 'जोडचिन्ह' या वर्गात. पायथनचे हे फलन फक्त पहिल्या वर्गास अक्षर मानते. परिणामी धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या जिल्ह्यातील आठही तालुक्यांची नावे या कसोटीत नापास होतात. शेजारचे 'नगर' तेवढे उत्तीर्ण होते, कारण त्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार वा अनुस्वार काहीच नाही. 'भरत' आणि 'कमल' ही नावे चालतात, 'रमेश' आणि 'सुनीता' ही नावे चालत नाहीत. न्यायाच्या भाषेत ही ठळक अव्याप्ती होय. याच वर्गीकरणामुळे पायथनमध्ये शब्द वेगळे करण्याची प्रचलित पद्धत वापरली असता 'परंडा' या एका शब्दाचे 'पर' आणि 'ड' असे दोन तुकडे होतात. मराठी मजकुराची शब्दगणना करणाऱ्या प्रकल्पात हा दोष शिरला, तर पुढील सर्व आकडेवारी निरर्थक ठरते.

जावा भाषेत २०११ पासून 'इज-अल्फाबेटिक' नावाचे दुसरे फलन उपलब्ध आहे. ते मात्रा आणि अनुस्वार यांनाही वर्णमालेचा भाग मानते. एकेका चिन्हावर ते चालविले असता वर उल्लेखिलेली आठही तालुक्यांची नावे उत्तीर्ण होतात. येथे परीक्षकाची फसगत होण्याचा संभव आहे. आठ नावे तपासली, आठही बरोबर आली, सबब फलन बरोबर, असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु या आठ नावांत एकही जोडाक्षर नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. हलन्ताचे चिन्ह या फलनास मान्य नाही. त्यामुळे 'कर्ज', 'कोल्हापूर' आणि 'महाराष्ट्र' हे शब्द येथेही नापास होतात. नमुना किती मोठा आहे, यापेक्षा तो कोणत्या प्रकारांना स्पर्श करतो, हे महत्त्वाचे. प्रत्येक प्रकारातील एकेक शब्द घेऊन केलेली तपासणी एकाच प्रकारातील शंभर शब्दांच्या तपासणीपेक्षा श्रेष्ठ असते.

अंकांच्या बाबतीत उलट दिशेची चूक आढळते. पायथनचे 'इज-डिजिट' हे फलन देवनागरी '५' ला अंक मानते, आणि ते योग्यच आहे. परंतु वर्गाचा निर्देश करणाऱ्या, वर लिहिलेल्या लहान '२' या चिन्हालाही ते अंक मानते. त्या चिन्हाचे संख्येत रूपांतर करावयास गेल्यास मात्र कार्यक्रम त्रुटी दाखवून थांबतो. अर्थात ज्या हेतूसाठी प्रश्न विचारला त्या हेतूच्या दृष्टीने ही अतिव्याप्ती झाली. 'हा अंक आहे का?' आणि 'याची संख्या करता येईल का?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी 'इज-डेसिमल' हे निराळे फलन आहे.

समानतेची कसोटी त्याहून नाजूक आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील अर्धा र संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारे साठविला जातो. 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरता येते, 'र' आणि नुक्ता असे दोन संकेत वापरता येतात, किंवा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा क्रमही वापरता येतो. पहिली दोन रूपे युनिकोडने समतुल्य मानली आहेत. प्रमाणीकरणाची प्रक्रिया केल्यास ती एक होतात. तिसरे रूप मात्र त्या प्रक्रियेने पहिल्या दोहोंशी जुळत नाही. पडद्यावर वाचकास एकच शब्द दिसतो, फलनाला मात्र वेगवेगळे शब्द दिसतात. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांचेच नाव शोधताना ही अडचण यावी, हा योगायोग बोलका आहे.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की, 'अक्षर' या शब्दाचा अर्थ तयार फलनाच्या कर्त्याने आपल्या सोयीने ठरविलेला असतो. मराठी वाचक ज्यास अक्षर म्हणतो ते व्यंजन, हलन्त, मात्रा यांचे एकत्रित रूप असते. कसोटी लावावयाची वस्तू म्हणजे हे एकत्रित रूप, सुटे चिन्ह नव्हे. वस्तूचे एकक चुकले की अट कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी निर्णय चुकतो.

३. 'हा शेतकरी पात्र आहे का?' : कर्जमाफीची कसोटी

एककाचा हाच प्रश्न कर्जमाफीच्या तीन योजनांत अधिक गंभीर स्वरूपात दिसतो.

केंद्र सरकारने २००८ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत जमीनधारणा हा मुख्य निकष होता. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस पूर्ण माफी आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांनी ७५ टक्के रक्कम भरल्यास २५ टक्के सवलत, अशी सर्वसाधारण विभागणी होती. बागायती दोन हेक्टर आणि कोरडवाहू दोन हेक्टर यांत ही अट भेद करीत नव्हती. काही कोरडवाहू जिल्ह्यांसाठी 'इतर शेतकरी' या वर्गात सवलतीची किमान रक्कम ठेवून ही उणीव अंशतः भरून काढण्यात आली. तथापि मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात जमिनीचे क्षेत्र हे आर्थिक स्थितीचे लक्षण म्हणून अपुरे आहे, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती.

या योजनेच्या अंमलबजावणीवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१३ मध्ये संसदेत सादर झाला. त्यात नमुन्यादाखल तपासलेल्या, लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७ खाती, म्हणजे १३.४६ टक्के, पात्र असूनही वगळली गेल्याचे आढळले. लाभ मिळालेल्या ८०,२९९ खात्यांपैकी ८.५ टक्के प्रकरणांत लाभार्थी अपात्र होते. पहिला आकडा अव्याप्तीचा, दुसरा अतिव्याप्तीचा. या दोन टक्केवाऱ्यांचे पाया-गट वेगळे आहेत, म्हणून त्यांची थेट तुलना करता येत नाही. परंतु दोन्ही दोष एकाच वेळी असू शकतात, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. तेव्हा याद्या बँकांच्या शाखांनी तयार केल्या होत्या. म्हणजेच हे दोष संगणकाने जन्माला घातलेले नाहीत.

महाराष्ट्र शासनाची 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' जून २०१७ मध्ये आली. ३० जून २०१६ रोजी थकीत असलेल्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास माफी, अशी तिची मुख्य अट होती. येथे जमीनधारणेची मर्यादा नव्हती. मात्र पात्रतेचे एकक 'कुटुंब' होते, म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील अपत्ये. शासनाकडे व्यक्तींची नोंद होती, खात्यांची नोंद बँकांकडे होती, परंतु 'कुटुंब' नावाची तयार वस्तू कोठेही नव्हती. ती शेतकऱ्यांच्या ऑनलाइन अर्जांतून घडवावी लागली आणि बँकांच्या माहितीशी जुळवावी लागली. कसोटी लावण्यापूर्वी वस्तूच निर्माण करावी लागणे, हे या योजनेच्या विलंबाचे एक महत्त्वाचे कारण मानावे लागते.

'महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना' डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात एकक बदलून 'वैयक्तिक शेतकरी' करण्यात आले. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले, मुद्दल व व्याज मिळून दोन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज पात्र ठरले. अर्ज भरण्याची गरज ठेवली नाही. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी प्रसिद्ध झाली आणि आधार प्रमाणीकरणानंतर रक्कम खात्यात जमा होऊ लागली. एकक सोपे निवडल्यामुळे कसोटी सोपी झाली, ही रचनेच्या दृष्टीने मोठी सुधारणा होती.

परंतु याच योजनेत एक नवा दोष शिरला. थकबाकी दोन लाखांहून अधिक असलेले खाते कोणत्याही लाभास पात्र नव्हते. १,९९,९०० रुपयांची थकबाकी असणाऱ्याचे कर्ज पूर्ण फिटले आणि २,००,१०० रुपयांची थकबाकी असणाऱ्यास काहीच मिळाले नाही, असा या अटीचा तार्किक परिणाम आहे. दोघांच्या परिस्थितीत दोनशे रुपयांचा फरक, निर्णयात मात्र दोन लाखांचा. २०१७ च्या योजनेत दीड लाखावरील रक्कम शेतकऱ्याने भरल्यास दीड लाखाचा लाभ देण्याची, म्हणजे एकरकमी परतफेडीची सोय होती. २००८ मध्येही मर्यादेबाहेरील शेतकऱ्यास अंशतः सवलत होती. तेथे फलन 'किती?' या प्रश्नाचे उत्तर देत होते. येथे त्याच प्रश्नास 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर दिले गेले. जेथे वास्तव प्रमाणात बदलते तेथे विधेय-फलन वापरणे हीच मुळात रचनेची चूक होय. शिवाय थकबाकीत व्याज धरले जात असल्याने मुद्दल न वाढताही केवळ काळ गेल्याने एखादे खाते मर्यादेबाहेर जाऊ शकते. अट स्थिर राहते, वस्तूच सरकते. म्हणून कोणत्या दिवशीच्या स्थितीवर कसोटी लावली, ती तारीख फलनास स्पष्टपणे देणे आवश्यक असते. शासन निर्णयांत ती असते, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत बहुधा 'आजची तारीख' गृहीत धरलेली असते.

४. 'माहीत नाही' या उत्तराचे स्थान :

विधेयाची दोनच उत्तरे असतात, हे गृहीतक परिपूर्ण माहितीच्या जगातच खरे आहे. खात्यास आधार क्रमांक जोडलेला नसेल, सातबाऱ्यावरील नाव आणि बँकेतील नाव जुळत नसेल, तर 'पात्र आहे का?' याचे प्रामाणिक उत्तर 'अद्याप सांगता येत नाही' असे आहे.

माहितीसंचांची भाषा असलेल्या एसक्यूएलमध्ये हे तिसरे मूल्य अस्तित्वात आहे. रिकाम्या रकान्याशी केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही ठरत नाही, ती 'अज्ञात' ठरते. तथापि या अज्ञाताला मिळणारी वागणूक ठिकाणानुसार बदलते. नोंदी निवडण्याच्या 'व्हेअर' या भागात अज्ञात उत्तराची नोंद गाळली जाते. नोंद स्वीकारण्यापूर्वीच्या 'चेक' या निर्बंधात मात्र अज्ञात उत्तराची नोंद स्वीकारली जाते. एकच अट, एकच वस्तू, आणि निर्णय परस्परविरुद्ध! यातील पहिली वागणूक अव्याप्तीकडे झुकते, दुसरी अतिव्याप्तीकडे. याहून चमत्कारिक असे की, 'थकबाकी दोन लाखांपर्यंत आहे' आणि 'थकबाकी दोन लाखांपर्यंत नाही' या दोन्ही याद्या काढल्या तरी थकबाकीचा रकाना रिकामा असलेला शेतकरी कोणत्याच यादीत सापडत नाही. पात्रांच्या यादीत नाही म्हणून लाभ नाही आणि अपात्रांच्या यादीत नाही म्हणून तक्रारीस आधार नाही, अशी त्याची अवस्था होते.

२०१७ च्या योजनेत 'हिरवी' आणि 'पिवळी' अशा याद्या चर्चेत आल्या होत्या. माहिती जुळलेली खाती पहिल्या यादीत, न जुळलेली दुसऱ्या यादीत, आणि दुसरीची छाननी तालुका पातळीवर. या याद्यांवर टीका पुष्कळ झाली. तरीही तर्काच्या दृष्टीने पिवळी यादी ही त्या रचनेतील समंजस गोष्ट होती, असे आमचे मत आहे. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत तिने भेद केला. विलंबाचा दोष त्या वर्गाच्या निर्मितीचा नव्हे.

याच्या उलट रिकाम्या समूहाचा प्रश्न आहे. 'या कुटुंबातील प्रत्येक सदस्य प्राप्तिकर न भरणारा आहे का?' असे विचारणाऱ्या फलनास सदस्यांची रिकामी यादी दिली, तर बहुतेक संगणकीय भाषांत उत्तर 'हो' असे येते. तर्कशास्त्रानुसार ते बरोबरही आहे, कारण नियम मोडणारा एकही सदस्य नाही. परंतु ज्या अर्जात सदस्यांची नोंदच झालेली नाही, तो अर्ज अशा रीतीने पात्र ठरावा, हे कोणासही अभिप्रेत नसते. म्हणून 'यादी रिकामी नाही' ही अट स्वतंत्रपणे लिहावी लागते.

५. निर्णय आणि त्याचे कारण :

विधेय-फलनाविरुद्ध सर्वात मोठा आक्षेप असा की, ते कारण सांगत नाही. 'अपात्र' एवढाच शेरा मिळालेल्या माणसास काय दुरुस्त करावे, हे कळत नाही. येथे कार्यक्षमतेची एक प्रचलित युक्ती आणखी भर घालते. 'आणि' या शब्दाने जोडलेल्या अटींपैकी पहिली खोटी ठरताच संगणक पुढच्या अटी तपासतच नाही. त्यामुळे कारण सांगितले तरी एकच सांगितले जाते. अर्जदार आधारची दुरुस्ती करून येतो, तेव्हा त्यास खाते क्रमांकाची चूक सांगितली जाते. ती दुरुस्त केल्यावर तिसरी निघते. यंत्राचे काही क्षण वाचतात आणि माणसाच्या तालुक्याच्या ठिकाणच्या तीन खेपा होतात.

यावर असा प्रतिवाद केला जातो की, कारणे जोडली तर विधेयाचा साधेपणा आणि जोडणीक्षमता नष्ट होते. हा प्रतिवाद अर्धा मान्य करावा लागतो. विधेय लहान, निर्दोष नावाचे आणि दुष्परिणामरहित असावे, हे खरेच. तपासताना वस्तूत बदल करणारे फलन विधेय म्हणविण्यास पात्र नाही. एकच प्रश्न दोनदा विचारल्यास उत्तर बदलता कामा नये. परंतु त्यातून 'कारण देऊ नये' असा निष्कर्ष निघत नाही. एकच मोठी अट लिहिण्याऐवजी 'थकीत आहे', 'मर्यादेत आहे', 'कालावधीत आहे' अशी लहान विधेये स्वतंत्र नावांनी लिहावीत आणि त्यांतील कोणती असफल झाली, याची संपूर्ण यादी दुसऱ्या फलनाने द्यावी. एरिक इव्हान्स यांच्या २००३ च्या ग्रंथात 'स्पेसिफिकेशन' या नावाने मांडलेली रचना याच दिशेची आहे. अट ही स्वतःच एक नामधारी वस्तू मानावी, असे तिचे सार आहे.

या विभागणीचा दुसरा लाभ अटी बदलताना दिसतो. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' जून २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली तेव्हा वयाची कमाल मर्यादा साठ वर्षे होती आणि पाच एकर जमिनीची अटही होती. काही दिवसांतच मर्यादा पासष्ट झाली आणि जमिनीची अट वगळण्यात आली. अटी स्वतंत्र असतील तर असा बदल एका ओळीचा ठरतो. त्या एकमेकींत गुंफलेल्या असतील तर प्रत्येक बदल नव्या दोषास निमंत्रण देतो. नावांविषयीही हेच म्हणता येईल. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. जिल्ह्याच्या नावाच्या अक्षरांवर तुलना करणाऱ्या फलनास जुना दाखला आणि नवा दाखला दोन वेगळ्या जिल्ह्यांचे वाटतात. 'परंडा' आणि 'परांडा' या दोन लेखनरूपांचीही तीच गत. स्थिर संकेतांकावर तुलना करणे, हाच यावरील उपाय होय.

फुले कर्जमुक्ती योजनेत आधार प्रमाणीकरणाच्या वेळी शेतकऱ्यास आपली थकबाकीची रक्कम दाखवून ती मान्य की अमान्य, असे विचारले जात असे. अमान्य असल्यास प्रकरण जिल्हास्तरीय समितीकडे जाई. निर्णय कोणत्या माहितीवर आधारला, हे संबंधित व्यक्तीस दाखविणे आणि हरकतीस जागा ठेवणे, या दोन गोष्टी येथे साधल्या. विधेय-फलनाच्या रचनेत हा भाग पुस्तकांत सापडत नाही, परंतु तो रचनेचाच भाग मानला पाहिजे.

६. अध्यापनाच्या संदर्भात :

'कार्यक्रम नियमाची केवळ अंमलबजावणी करतो, दोष असेल तर तो नियमाचा', असे संगणकशास्त्राच्या वर्गात अनेकदा म्हटले जाते. वरील उदाहरणे हे विधान पुरेसे खोडून काढतात. शासन निर्णयात 'शेतकरी' हा शब्द असतो. त्यास आधार क्रमांक मानावयाचे, बँक खाते मानावयाचे की सातबाऱ्यावरील नाव, हे कोणीतरी कार्यक्रम लिहिताना ठरवीत असते. रिकाम्या रकान्याचे काय करावयाचे, हेही तेथेच ठरते. हे निर्णय धोरणाइतकेच परिणामकारक असतात, फक्त ते कोणाच्या सहीने होत नाहीत.

म्हणून विधेय-फलन शिकविताना पुढील प्रश्न विद्यार्थ्यांकडून लिहून घेणे उपयुक्त ठरेल. वस्तूचे एकक कोणते? कसोटी कोणत्या दिवसाच्या स्थितीवर? सीमारेषेवरील मूल्य आत की बाहेर? माहिती नसेल तर उत्तर काय? रिकाम्या समूहास उत्तर काय? चूक झालीच तर ती कोणत्या बाजूने झालेली परवडेल आणि ती कोणास सोसावी लागेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्रात नाही. त्यासाठी अर्थशास्त्राच्या आणि लोकप्रशासनाच्या अध्यापकांस वर्गात बोलवावे लागेल. उदाहरणेही परभाषेतील नावांऐवजी आपल्या तालुक्यांची, आपल्या जोडाक्षरांची घ्यावीत. ज्या विद्यार्थ्याचे स्वतःचे नाव त्याने लिहिलेल्या कसोटीत नापास होते, त्यास अव्याप्तीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

समारोप :

प्रस्तुत विवेचनावरून असे म्हणता येईल की, विधेय-फलनाची गुणवत्ता त्याच्या अटीच्या अचूकतेपेक्षा त्याने निवडलेल्या वस्तूवर अधिक अवलंबून असते. देवनागरीच्या उदाहरणात सुट्या चिन्हास अक्षर मानल्याने आणि २०१७ च्या योजनेत अस्तित्वात नसलेल्या 'कुटुंब' या नोंदीवर अट लावल्याने अडचण उद्भवली. २०१९ च्या योजनेने एकक सुधारले, परंतु प्रमाणाच्या प्रश्नास दोन उत्तरांत बसविले. अज्ञातास 'नाही' समजणे ही सर्वात सहज होणारी आणि सर्वात कमी दिसणारी चूक आहे, कारण तिचा बळी कोणत्याच यादीत नसतो.

नैयायिकांनी लक्षणाचे दोष सांगितले ते वादात पराभव टाळण्यासाठी. आज लक्षण चुकले तर वाद होत नाही, खात्यात रक्कम येत नाही एवढेच. म्हणून या छोट्या फलनाची चिकित्सा वर्गातच, आणि ते कार्यान्वित होण्यापूर्वीच, व्हावयास हवी.